काताझोमेत ठिपके बुजतात, खळ फुटते, नीळ आत शिरते: दोष कागदाचा की खळीचा?

काताझोमे म्हणजे स्टेन्सिलमधून खळ लावून कापडाचा तेवढा भाग रंगापासून राखण्याची जपानी रीत. तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ओएचपी, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकच्या, शीटवर 'सामे' म्हणजे शार्कच्या कातडीसारखी बारीक ठिपक्यांची नक्षी पाडलीत, तांदळाच्या पिठाची खळ शिजवून ती सुती कापडावर ओढलीत, वाळल्यावर कापड निळीत बुडवलंत. ठिपके एकमेकांत मिसळले, खळीला तडे गेले, आणि पिपातून कापड बाहेर येईपर्यंत निम्मी खळ गळून गेली होती. आता जपानहून अस्सल कातागामी, म्हणजे या कामाचा खास स्टेन्सिल-कागद, मागवली तर हे सुटेल का, असं तुम्ही विचारताय.

नाही सुटणार. त्या महागड्या कागदावर हीच खळ ओढलीत तर ठिपके असेच बुजतील, वर कागदाचीही वाट लागेल. तीन वेगळ्या वाटणाऱ्या या तक्रारींचं मूळ एकच आहे. स्टेन्सिल, खळ आणि कापड ही तिन्ही पाणी घेतात आणि सोडतात, पण आपापल्या गतीनं. काताझोमेतलं निम्मं कसब या तिघांचा ओलावा जुळवण्यात जातं. नक्षी कापणं हा त्या मानानं सरळ भाग आहे, फक्त वेळखाऊ.

आधी एक कबुली देते. खाली दिलेली प्रमाणं सुती कापड आणि थंड निळीसाठी आहेत. रेशीम असेल, ब्रशनं रंग भरायचा असेल किंवा तुमच्याकडे जुलैतली हवा असेल तर ती बदलतील. कुठे किती, ते त्या त्या जागी सांगते.

कागदापासून सुरुवात करू, कारण तिथेच तुमचा पहिला गैरसमज आहे. कातागामीचं मुख्य केंद्र म्हणजे मिए प्रांतातल्या सुझुका शहराचा शिरोको आणि जिके हा भाग, म्हणून तिला 'इसे कातागामी' म्हणतात (इसे हे या मुलखाचं जुनं नाव). एदो काळात (१६०३ ते १८६८) हा मुलूख कीशूच्या तोकुगावा घराण्याकडे होता आणि त्यांच्या आश्रयानं इथले स्टेन्सिल देशभर विकले जात. हातकागदाचे, म्हणजे कोझोच्या (कागदी तुतीच्या) सालीपासून केलेल्या वाशीचे, साधारण तीन पदर एकावर एक चिकटवतात. धाग्यांची दिशा उभी-आडवी-उभी अशी आलटून पालटून ठेवतात, म्हणजे ओला झाल्यावर कागद एकाच बाजूला ताणला जात नाही. चिकटवायला काकीशिबु वापरतात. हा कच्च्या तुरट पर्सिमॉनचा आंबवलेला रस. फळ्यांवर वाळवलेला कागद मग धुराच्या खोलीत आठवडाभर टांगतात, पुन्हा रसात बुडवतात, पुन्हा धूर देतात. तपकिरी रंग, कडकपणा आणि पाण्याला दाद न देणं हे सगळं त्यातून येतं.

पाण्याला दाद न देणं म्हणजे पाणी न पिणं नव्हे. कातागामी कामाआधी पाण्यात चांगली भिजवतात. ती थोडी पसरते, जड आणि लवचिक होते आणि कापडावर अंग टाकून पडते. प्लास्टिकची शीट असं करत नाही. ती कापडावर तरंगते, कडेला किंचित उचललेली राहते आणि त्या फटीत खळ घुसते. तुमचे ठिपके मिसळण्याचं निम्मं कारण हे. उरलेलं निम्मं खळीत आहे.

मग प्लास्टिक टाकून द्यायचं का? शिकण्यासाठी नाही. पण ओएचपीऐवजी पॉलिप्रॉपिलीनचा कृत्रिम कागद मिळाला तर घ्या. युपो या नावानं तो स्क्रीनप्रिंटिंगच्या आणि कलासाहित्याच्या दुकानांत मिळतो. तो मऊ असतो, चांगला कापला जातो आणि कापडाला जास्त बिलगतो. त्याच्या पाठीवर पॉलिएस्टरची जाळी चिकटवा. जपानमध्ये रेशमाची विरळ जाळी लाखेनं, म्हणजे उरुशीनं, चिकटवतात. त्याला 'शाबारी' म्हणतात. त्याआधी 'इतोइरे' ही त्याहून जिकिरीची रीत होती: कागदाचे पदर वेगळे करून मध्ये रेशमाचे धागे ठेवायचे आणि पदर तंतोतंत जुळवून पुन्हा चिकटवायचे. घरी पॉलियुरेथेन वार्निशचा पातळ हात पुरतो. जाळी ठेवून वरून ब्रश मारा आणि लगेच कोऱ्या कागदावर दाबून छिद्रांतलं जादा वार्निश टिपून घ्या. हे टिपणं विसरलात तर छिद्रं कायमची बुजतात, मग सुई घेऊन बसावं लागतं.

कापण्याबद्दल जास्त लिहीत नाही, एकच सूचना. 'सामे'पासून सुरुवात करू नका. ती 'किरिबोरी'तली नक्षी आहे: अर्धगोल पात्याचं हत्यार कागदावर टेकवून फिरवायचं आणि एकेक ठिपका पाडायचा. सर्वात बारीक 'गोकु-सामे'त ३ सेंटिमीटरच्या चौकोनात ९०० च्या घरात छिद्रं असतात. 'शिमाबोरी' म्हणजे पट्ट्यांची नक्षी दिसायला सोपी, पण प्रत्येक रेघेवरून सुरी त्याच जागी, त्याच दाबानं तीनदा ओढावी लागते. तुम्हाला सोयीची ती 'त्सुकिबोरी': लांब निमुळतं पातं समोर ढकलत कापायचं. तिथले कारागीर पाच-आठ कागद एकत्र ठेवून खाली भोक असलेली फळी घेतात. तुम्ही एक कागद आणि कटिंग मॅट घ्या. (जपानच्या दक्षिणेकडच्या ओकिनावा बेटांवर बिंगाता या तिथल्या स्टेन्सिल-रंगाईचे स्टेन्सिल वाळवलेल्या टोफूच्या ठोकळ्यावर कापतात. पातं त्यात रुततं, घसरत नाही, आणि टोफूतल्या तेलानं धारही टिकते.) पहिल्या नक्षीत छिद्रं २ ते ३ मिलिमीटरची ठेवा आणि दोन छिद्रांतलं अंतर छिद्राएवढं ठेवा.

आता खळ. खरा घोळ इथे आहे.

तुम्ही 'तांदळाचं पीठ' म्हटलंय, बहुधा आपलं नेहमीचं. त्यात अमायलोज (स्टार्चचा एक घटक) भरपूर असतं आणि थंड झाल्यावर त्याची खळ आक्रसून कडक होते. तडे तिथेच पडतात. जपानमध्ये मोचीको वापरतात. हे पीठ चिकट तांदळाचं असतं आणि त्यात अमायलोज जवळपास नसतंच, म्हणून खळ रबरासारखी ताणली जाते. इंद्रायणी किंवा आंबेमोहोर चालेल का, हा पुढचा प्रश्न येणारच. भात चिकट होतो म्हणून तसं वाटतं खरं, पण ते या अर्थानं 'चिकट' वाण नव्हेत. आसामचा बोरा तांदूळ हा खरा चिकट तांदूळ. तो दळून आणा, नाहीतर थाई किंवा जपानी स्वयंपाकाच्या दुकानातून 'ग्लुटिनस राइस फ्लोअर' घ्या.

दुसरी गोष्ट तुमच्या खळीत अजिबातच नव्हती, ती म्हणजे कोंडा. नुसत्या चिकट पिठाची खळ वाळून काचेसारखी होते, फुटते आणि धुताना निघत नाही. कोंडा तिला अंग देतो, तिचा ताण मोडतो आणि पाण्यात फुगून तिला सुटी करतो. पीठ वाढवलं की कड धारदार येते, पण तड्यांची भीती वाढते. कोंडा वाढवला की खळ मऊ होते, सहज धुतली जाते, पण निळीपुढे कमी टिकते. कोंडा भाताच्या गिरणीतून ताजा आणा आणि तूस नको, पॉलिशचा कोंडा हवा, असं स्पष्ट सांगा. साध्या हलरच्या गिरणीत दोन्ही एकत्र येतं. कोंड्यात तेल असतं, तो लवकर खवट होतो, म्हणून उरलेला फ्रीजरमध्ये ठेवा. मग मैद्याच्या चाळणीतून काढा. १ मिलिमीटरच्या ठिपक्यांसाठी वस्त्रगाळच करावा लागतो, कारण कोंड्याचा एक मोठा कण छिद्रात अडकला की त्याच्यामागे खळ उतरत नाही.

माझं नेहमीचं प्रमाण मापानं आहे, वजनानं नाही: २ वाट्या मोचीको, ३ वाट्या चाळलेला कोंडा. वाटी १५० मिलिलिटरची. कोरडंच मिसळा आणि थोडं थोडं पाणी घालत भाकरीच्या पिठाहून किंचित घट्ट गोळा मळा. पाणी साधारण वाटीभर लागेल, कोंड्याच्या जातीप्रमाणे कमी-जास्त. त्याचे दोन सेंटिमीटर जाडीचे, मधोमध भोक असलेले मेदूवड्यासारखे वडे करा. भोक हौसेखातर नाही, वाफ मध्यापर्यंत पोचावी म्हणून. मोदकपात्रात ओलं फडकं अंथरून ५० ते ६० मिनिटं उकडा. झाकणावरचं पाणी वड्यांवर ठिबकू देऊ नका. शिजलेला वडा गडद आणि अर्धपारदर्शक दिसतो आणि तोडला तर आत पांढरा गाभा नसतो. गाभा दिसला तर आणखी दहा मिनिटं. कच्ची राहिलेली खळ छापताना छान वागते आणि निळीत दगा देते, म्हणून इथे घाई नको.

वडे गरम असतानाच जाड भांड्यात घालून लाकडी बत्त्यानं कुटा आणि घोटा. थंड झाल्यावर गुठळ्या मोडत नाहीत. दहा-पंधरा मिनिटांत चकचकीत, दोऱ्या ओढणारा गोळा होतो. आता अर्धी वाटी गरम पाण्यात ४ मोठे चमचे मीठ विरघळवून ते हळूहळू घोटत घाला. मीठ हवेतला ओलावा धरतं आणि खळ ठणठणीत कोरडी होऊ देत नाही. तड्यांवरचा दुसरा उपाय हाच. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत त्यावर एक लहान चमचा ग्लिसरीन घाला. पावसाळ्यात उलट करा: मीठ निम्म्यावर आणा आणि ग्लिसरीन नको, नाहीतर खळ दोन दिवस चिकटच राहील.

शेवटी चुना. जपानी पाककृतीत लिहिलेला विझवलेला चुना आणि आपला खायचा चुना एकच. एक सपाट लहान चमचा चुना थोड्या पाण्यात कालवून, गाळून थेंबाथेंबानं घाला. खळीचा तपकिरी रंग बघता बघता मोहरीसारखा पिवळा होतो. पिवळा झाला की थांबा. चुन्यानं खळ कापडाला घट्ट धरते, पाण्यात लवकर विरघळत नाही आणि उशिरा आंबते. जास्त झाला तर ती धुताना निघत नाही आणि पांढऱ्या जागेवर पिवळसर छटा राहते. रेशमावर चुना निम्म्याहून कमी घ्या, अल्कलीनं रेशीम खरखरीत होतं.

तयार खळ घट्ट श्रीखंडाएवढी असावी. पट्टीवरून पडताना तिची घडीवर घडी बसते आणि घड्या मिनिटभर तरी दिसत राहतात. लगेच सपाट झाली तर ती बारीक ठिपक्यांसाठी पातळ आहे.

छपाईकडे वळू. जपानी कारखान्यात मोमीच्या, म्हणजे फरच्या, एकसंध फळीवर कापड चिकटवतात. फळी साडेसहा-सात मीटर लांब असते. किमोनोचं कापड म्हणजे एक 'तान', रुंदी ३६ ते ३८ सेंटिमीटर आणि लांबी १२ मीटरच्या वर, फळीच्या दोन्ही बाजू मिळून बसतं. फळीवर आधीच खळीचा पातळ थर वाळवलेला असतो. ओल्या स्पंजनं तो जागा करायचा आणि त्यावर कापड दाबून बसवायचं. घरी सनमायका लावलेल्या प्लायवर हेच करा, इथे नुसत्या मोचीकोची पातळ खळ चालते. टेबलावर टाचण्या लावून ताणलेलं कापड पट्टीखाली अर्धा धागा सरकतंच, आणि ठिपका १ मिलिमीटरचा असताना अर्धा धागाही पुष्कळ होतो. त्याआधी कापडाची कांजी काढा. बाजारातल्या कोऱ्या मांजरपाटात ती हमखास असते. धुण्याचा सोडा घालून अर्धा तास उकळवा, दोनदा खंगाळा. पाण्याचा थेंब टाकल्याबरोबर आत शोषला गेला पाहिजे.

खळ ओढायच्या लाकडी पट्टीला 'हेरा' म्हणतात. ती हिनोकीची असते. आपल्याकडे लवचिक प्लास्टिकचा स्क्रेपर चालतो. पहिल्या हाताला खळ हलकेच पसरा, दुसऱ्या हाताला ४५ अंशात धरून एकाच दिशेनं दाबून ओढा. मग थांबा. कुठे कमी दिसली म्हणून तिसरा-चौथा हात फिरवण्याचा मोह होतो आणि तोच ठिपके फोडतो, कारण प्रत्येक जादा हात थोडी खळ स्टेन्सिलखाली ढकलतो. स्टेन्सिल एका टोकानं हळूच उचला, दुसरं टोक शेवटपर्यंत खालीच राहू द्या.

पुढचा ठसा जुळवायला स्टेन्सिलच्या कडेला 'होशी', म्हणजे तारे, म्हणतात ती बारीक छिद्रं असतात. आधीच्या ठशातले होशी नव्या ठशाच्या होशींखाली बरोबर आले की जोड दिसत नाही. एका ठशाची लांबी १५ सेंटिमीटर धरली तर एका तानाला ८० हून जास्त वेळा स्टेन्सिल ठेवावी लागते. कागदी कातागामी वापरणाऱ्यांचा खरा शत्रू इथे भेटतो. तासाभरात कागद सुकू लागतो, आक्रसतो आणि पन्नासाव्या ठशाला होशी जुळत नाहीत. म्हणून स्टेन्सिल सतत ओल्या फडक्यानं पुसत राहतात. युपो आक्रसत नाही. नवशिक्यासाठी हा प्लास्टिकचा मोठा फायदा, आणि 'अस्सल मागवू नका' म्हणण्यामागचं एक कारणही.

इथवरचं थोडक्यात: ठिपके बुजले ते पातळ खळ, न बिलगणारी शीट आणि पट्टीचे जादा हात यांमुळे. तडे गेले ते साधं पीठ, कोंडा नाही आणि मीठ नाही म्हणून. राहिली ती पिपात गळलेली खळ.

तिची कारणं दोन. पहिलं म्हणजे सोयाबीनचं दूध लावलेलं नव्हतं. त्याला 'गोजिरु' म्हणतात. ५० ग्रॅम सोयाबीन रात्रभर भिजवा, थोड्या पाण्यात बारीक वाटा, तीनदा गाळा, एकूण ६०० मिलिलिटर करा. खळ पूर्ण वाळल्यावर कापड 'शिन्शी'वर ताणा. टोकाला सुया लावलेल्या या बांबूच्या काड्या असतात, तशा घरीही करता येतात. मऊ रुंद ब्रशनं गोजिरुचा एकच पातळ हात द्या आणि पुन्हा पूर्ण वाळवा. यातलं प्रथिन खळीला धरून ठेवतं आणि निळीला कापडावर सारखी बसवतं. 'नागाइता चुगाता' या सुती युकाताच्या (उन्हाळी किमोनोच्या) परंपरेत खळ कापडाच्या दोन्ही बाजूंना, नक्षी बरोबर नक्षीवर आणून लावतात आणि मग गोजिरु देऊनच कापड निळीत नेतात. गोजिरु रोज ताजं करा. आपल्या उन्हाळ्यात ते दुपारपर्यंत फाटतं आणि फाटलेल्याचे डाग उठतात. निळीऐवजी पिगमेंट भरणार असाल तर हेच दूध रंगाचा बांधक असतं. तेव्हा एक हात पुरत नाही, आणि रंग भरल्यावर किमान आठवडाभर, जमल्यास तीन आठवडे, धुवायची घाई करायची नाही.

दुसरं कारण पिपात आहे. तुम्ही हायड्रोसल्फाइट आणि कॉस्टिक सोड्याचं पीप लिहिलंय. तीव्र कॉस्टिकमध्ये स्टार्च थंडातसुद्धा फुगून विरघळतो, आणि पीप कोमट असेल तर विचारायलाच नको. तुमची खळ गळली नाही, शिजली. चुना आणि फ्रुक्टोजवर (फळसाखरेवर) चालणारं पीप लावा, ते खळीशी जास्त सौम्य वागतं, आणि गार झाल्यावरच वापरा. बुडी अर्ध्या मिनिटाची, फार तर एक मिनिटाची. घडी पडू न देता बाहेर काढा, हिरव्याचा निळा होऊ द्या. दोन बुड्यांनंतर कापड पूर्ण वाळवा आणि मगच तिसरी. अशा चार-सहा बुड्यांनी चांगला गडद निळा येतो. एकाच वेळी दहा मिनिटं बुडवून तोच रंग काढू पाहिलात तर खळ फुगते आणि नीळ कडेनं आत शिरते.

धुताना घासू नका. मोठ्या टबात थंड पाण्यात तासभर पडू द्या, पाणी बदला, पुन्हा पडू द्या. खळ फुगून आपोआप सुटते, उरलेली हाताच्या तळव्यानं सरकवा. जपानी रंगारी यासाठी वाहतं पाणी वापरत. तोक्योच्या शिंजुकू भागात कान्दा आणि म्योशोजी या नद्यांमध्ये लांबच लांब ताने धुतले जात. आता ते काम आतल्या हौदांत होतं.

तुम्ही शेवटी विचारलंय की किमोनोच्या रेशमावरचं 'एदो कोमोन' घरी जमेल का. ती वेगळी रीत आहे. तिथे कापड बुडवत नाहीत. चिरीमेन या चुणीदार रेशमावर रोधक खळ लावून वाळवतात, मग रंग मिसळलेली दुसरी खळ पट्टीनं सबंध कापडावर ओढतात. वर लाकडाचा भुसा भुरभुरवतात, म्हणजे ओलं कापड कापडाला चिकटत नाही. (राजस्थानात दाबू छपाईच्या ओल्या चिखलावर भुसा टाकतात तो याच कारणासाठी.) मग ९० ते १०० अंशांच्या वाफेच्या पेटीत १५ ते ३० मिनिटं ठेवून रंग पक्का करतात. १२ मीटर रेशीम न मुडपता टांगता येईल अशी वाफेची पेटी घरी असणं अवघड आहे. ओढणीएवढ्या तुकड्यावर करून बघता येईल, पण सुती कामावर हात बसल्यावर.

या नक्षी दुरून साधं एकरंगी कापड वाटाव्यात इतक्या बारीक असतात. सामुराईंच्या 'कामिशिमो' या औपचारिक वस्त्रावर त्या वाढल्या आणि 'सामे' ही तर कीशूच्या तोकुगावांची ओळख होती. 'एदो कोमोन' हे नाव मात्र १९५५ सालचं. कोमिया कोसुके या कारागिराला सरकारी सन्मान देताना इतर कोमोनपासून, म्हणजे बारीक नक्षीच्या कापडांपासून, हे काम वेगळं ओळखता यावं म्हणून ते पडलं. आणि त्या परंपरेत कागद करणारा, कापणारा, खळ ओढणारा असे वेगवेगळे लोक असतात. तुम्ही नक्षी काढण्यापासून धुण्यापर्यंत सगळं एकटीनं करू पाहताय. तो रस्ता सेरिझावा केइसुके या जपानी कलाकाराचा. ओकिनावाचं बिंगाता पाहून त्यांनी हे सगळे टप्पे स्वतःच्या हातात घेतले आणि १९५६ साली त्यांना त्यासाठी मान मिळाला. त्यांच्या नक्षी ठसठशीत, मोठ्या आकारांच्या आहेत. शिकताना 'सामे'पेक्षा त्या बघा.

कातागामी तरीही घ्यायचीच असेल तर वापरायला नाही, बघायला घ्या. जुने वापरून झालेले कागद विकत मिळतात. ते उजेडासमोर धरलेत की जाळी कुठे आहे, होशी कुठे आहेत, दोन छिद्रांमध्ये कापणाऱ्यानं किती कागद शिल्लक ठेवलाय, हे सगळं दिसतं. ते अंतर पट्टीनं मोजून आपल्या नक्षीत उतरवा. जुना कागद पाण्यात मात्र घालू नका, बऱ्याचदा जाळीची लाख सुटलेली असते आणि भिजल्याबरोबर नक्षी हातात येते.

पुढच्या वेळी कापडावर जाण्याआधी तळहाताएवढे तीन तुकडे करा: एकात ३ वाट्या कोंड्याची खळ, दुसऱ्यात अडीच, तिसऱ्यात साडेतीन. तिन्ही एकत्र वाळवा, एकत्र बुडवा. तुमच्या गिरणीच्या कोंड्याला आणि तुमच्या हवेला कोणतं प्रमाण मानवतं ते त्यातच कळेल. प्रमाण, तारीख आणि हवा कशी होती ते तुकड्याच्या कोपऱ्यावर पक्क्या शाईनं लिहून ठेवा.